चादरीखालचा जार

बाईंना एखादी वस्तू नीट बघायची असली की त्या चष्मा काढत. ऐकायला उलटं वाटेल, पण माझा नाइलाज आहे. बाईंचं बरंचसं असंच उलटं होतं. चष्म्याची भिंगं चांगली जाड. तो टेबलावर पालथा ठेवायचा, उठून खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि तिथून टेबलावरच्या दोन वस्तूंकडे डोळे किलकिले करून बघायचं. त्यांना नुसते दोन धूसर डाग दिसत असणार. तेवढ्यावर बाई निकाल देत. "वेगळे आहेत." किंवा, "एकच आहे. चोरलाय."

"बाई, निदान चष्मा तरी लावा," मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते.

"गिऱ्हाईक काय मोजपट्टी घेऊन दुकानात येतं? घाईत येतं, लांबून बघतं, उचलतं आणि चालू लागतं. फसतं ते तिथं. मग आपण पण तिथूनच बघायचं."

बाईंचं ऑफिस लखनौच्या हजरतगंजात, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. कंपन्यांच्या नव्या वस्तूंच्या रूपाची नोंदणी करून द्यायची, हे त्यांचं काम. यंत्र कसं चालतं त्यासाठी पेटंट असतं, नावासाठी ट्रेडमार्क असतो, हे मला माहीत होतं. पण वस्तू दिसते कशी, तिचा आकार, ठेवण, अंगावरची नक्षी, याचाही एक वेगळा हक्क असतो, हे मला बाईंकडे आल्यावर कळलं. डिझाइनची नोंदणी झाली की पुढची काही वर्षं तशी दिसणारी वस्तू दुसऱ्या कुणाला करून विकता येत नाही. अर्ज कोलकात्याला जातो. सोबत वस्तूची सगळ्या बाजूंनी काढलेली चित्रं जोडावी लागतात. ती चित्रं काढायला मी होते.

मी त्यांच्याकडे कशी आले ते सांगते. माझा नवरा हवाई दलात. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. मी ड्रॉइंगचा डिप्लोमा केला होता, पण ज्या गावात जाऊ तिथं मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला: "मिस्टरांची बदली कधी?" खरं उत्तर दिलं की नोकरी संपली. लखनौला आल्यावर मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं, आणि जरा दबक्या आवाजात असंही सांगितलं की त्यांच्याकडे कुणी टिकत नाही.

मी गेले. बाईंनी माझ्यापुढे स्टीलचे दोन डबे ठेवले. "फरक सांग."

मी सांगितला. याची कडी गोल, त्याची चपटी. याच्या झाकणाला एक रेघ जास्त. बरंच काही सांगितलं आणि मनात खूशही झाले.

"आता दाराशी जाऊन सांग."

दारातून मला काहीच सांगता येईना.

"मग हे दोन नाहीत, एकच आहे. उद्यापासून ये."

"काकू, माझ्या मिस्टरांची बदली..."

"मी तुझ्या काकाची बायको नाही, तेव्हा काकू म्हणायचं नाही. बाई म्हण. आणि बदली त्यांची होणार आहे ना? तुझ्या हाताची नाही होत."

असं कुणी मला तोवर म्हटलं नव्हतं. जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं. खाली दुकानदाराला वाटलं, बाईंनी आणखी एकीला हाकलली. "अरे बिटिया, दिल पे मत लीजिए," तो म्हणाला, "मैडम सबके साथ ऐसी ही हैं."

बाई मूळच्या साताऱ्याच्या. यजमान रेल्वेत इंजिनिअर, त्यांच्याबरोबर लखनौला आल्या आणि ते निवृत्त झाले तरी इथंच राहिल्या. काका (त्यांना मात्र काका म्हटलेलं चाले) दिवसभर गोमतीनगरच्या फ्लॅटमध्ये घड्याळं, पंखे, मिक्सर उघडून बसत. त्यांना वस्तू चालते कशी यातच रस, आणि बाईंना ती दिसते कशी याच्यापलीकडे काही ऐकायचं नसे. "म्हणून संसार टिकला," बाई म्हणत. "भांडायला एक विषय तरी लागतो." एखादा कारखानदार मोठ्या उत्साहानं सांगू लागला की मॅडम, याच्या झाकणात अशी युक्ती आहे की थेंब सांडत नाही, की बाई हात वर करत. "वो मेरे पति को बताइए, बहुत खुश होंगे। मुझे सिर्फ़ दिखाइए।"

हे वेड ऑफिसात मावत नसे. बाजारात भाजीवाल्याला, "भैया, ये लौकी कल भी यहीं थी," म्हणून सुनवायच्या. मंडळात कुणी मुलीसाठी सांगून आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला तर चष्मा काढून फोन हातभर लांब धरायच्या आणि म्हणायच्या, "आधीच्यासारखाच आहे. पुढचा दाखव." मंडळातल्या बायका त्यांना घाबरत, आणि बोलवायलाही विसरत नसत.

आणि सगळ्यांत मोठं वेड म्हणजे चादर. कंपनीनं नव्या वस्तूचा नमुना आणून दिला की अर्ज जाईपर्यंत तो चादरीखाली. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली निळ्या काठाची चादर होती. ती वस्तूवर टाकायची, चारी टोकं वर घेऊन शेंड्यावर गाठ मारायची. मला चित्र काढायचं असलं की दाराला कडी, मग गाठ सोडायची. चहावाला आला की पुन्हा गाठ. कारण नियमच तसा आहे. डिझाइन नवं असावं लागतं आणि अर्जाच्या आधी ते जगात कुठंही उघड झालेलं चालत नाही. कुणी दुकानात मांडलं, कुणी फोटो टाकला, की हक्क गेला, मग डिझाइन स्वतः मालकानं काढलेलं का असेना. हे कारखानदारांच्या डोक्यात शिरत नसे. माझंच आहे, मी दाखवलं तर बिघडलं कुठं, हा प्रत्येकाचा सवाल.

त्यावर बाईंनी आपली एक गोष्ट तयार ठेवली होती. "आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी पुरणाला बोटसुद्धा लावत नाही. तुमच्याकडेही भोग असतो ना? भोग लगने से पहले चख लिया, तो क्या हुआ? जूठा हो गया। खीर वही है, शक्कर वही है, पर अब चढ़ा नहीं सकते। डिज़ाइन भी वैसा ही है।" मान डुलायची. सगळ्यांना पटायचं. माझ्याशी मराठीत बोलताना त्या याला सरळ उष्टं म्हणत. एखाद्याची कागदपत्रं बघून नुसतं म्हणायच्या, "उष्टं आहे, परत पाठव." त्या स्वतः पाणीही कायम वरून पीत, पेल्याला ओठ न लावता. दुसऱ्याच्या पेल्यातलं तर कधीच नाही, काकांच्याही.

तर अशा बाईंकडे एक दिवस लखनौच्याच सरोजिनीनगरकडचे एक कारखानदार आले. सगळे त्यांना भाईसाहब म्हणत. त्यांचा प्लास्टिकच्या वस्तूंचा छोटा कारखाना होता. लग्नकार्यात, दुकानात गार पाणी ठेवायला खाली तोटी असलेला मोठा जार असतो ना, ज्याला तिकडे कैंपर म्हणतात, तो ते करीत. त्यांनी बाईंच्या टेबलावर दोन जार ठेवले. एक त्यांचा, एक दिल्लीकडच्या मोठ्या कंपनीचा. बाईंनी चष्मा काढायच्या आतच मला दिसलं की एकच आहे.

"हमारा दो साल से बिक रहा है, मैडम जी। उन्होंने पिछली गर्मी में उतार लिया। सस्ता बेचते हैं। आधे कारीगर घर भेजने पड़े।"

"रजिस्टर कराया था?"

भाईसाहबांनी नकारार्थी मान हलवली. दोन वर्षं उघड विकलेल्या जारचं आता काही होण्यासारखं नव्हतं, आणि बाईंनी तसं सांगितलं. मग भाईसाहबांनी होतं-नव्हतं ते पणाला लावून नवा जार करायला घेतला. सुरईसारखा, मान बारीक आणि पोट मोठं. मशिनचे साचे बनले. हाही कुणी उचलला तर कारखान्याला कुलूप लागणार, हे त्यांनी आम्हाला लपवून ठेवलं नाही. बाईंनी त्यांना समोर बसवून भोगाची गोष्ट सांगितली, एकदा नाही, दोनदा. भाईसाहब कपाळाला टिळा लावणारे, दर मंगळवारी उपास करणारे. त्यांनी हात जोडले. "समझ गया। भगवान से पहले कोई नहीं।"

नमुना आमच्याकडे आला, चादरीखाली बसला. मी चित्रं काढली. बाईंना बाजूच्या चित्रातली मानेची रेघ आवडली नाही. "पुन्हा काढ. कोलकात्याला गेल्यावर खोडता येत नाही." मी पुन्हा काढली. तीही आवडली नाही. अर्ज सोमवारी जायचा तो त्यांनी एका दिवसानं पुढे ढकलला आणि म्हणाल्या, "उद्या कारखान्यात जाऊन जार उभा बघू, मग पाठवू."

तो मंगळवार ज्येष्ठातला होता. लखनौत ज्येष्ठातले मंगळवार म्हणजे बडा मंगल, हनुमानाचे दिवस. अख्ख्या शहरात रस्त्यारस्त्यावर भंडारे लागतात. पुरी, भोपळ्याची भाजी, बुंदी, सरबत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून खायला घालतात. कानपूर रोडवर आमची ऑटो मिनिटाला थांबत होती. ऑटोवालाच एका ठिकाणी उतरून पुरी खाऊन आला. "प्रसाद को मना नहीं करते, मैडम।" बाई घड्याळ बघत होत्या.

कारखान्यापाशीही मांडव होता. ही एवढी रांग. मांडवात टेबलांवर, झेंडूच्या माळा घातलेले, पोटावर शेंदराचा टिळा लावलेले, ओळीनं आमचे जार. सुरईसारखे. मुलंबाळं, हमाल, शाळेतल्या शिक्षिका, पोलीस, सगळे त्यातून सरबत पीत होते आणि जवळजवळ प्रत्येक जण फोटो काढत होता.

बाईंनी चष्मा काढला. लांबून बघितलं. मग माझा दंड धरून हळूच विचारलं, "आपलाच ना गं?"

मी हो म्हटलं.

भाईसाहब धावतच आले. चेहरा आनंदानं फुललेला. "मैडम जी! जैसा आपने कहा था, वैसा ही किया। सबसे पहले बजरंगबली को। सुबह पाँच बजे से लगा है। अभी तक एक भी बेचा नहीं है, एक भी नहीं!"

बाईंनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसकण मारली. "भाईसाहब," त्या म्हणाल्या, "ये जूठा हो गया।"

त्यांना कळेचना. ते आधी हसले. "भगवान का जूठा तो प्रसाद होता है, मैडम जी।"

 बाईंनीच सांगितलेली गोष्ट त्या माणसानं श्रद्धेनं, अक्षर न सोडता पाळली होती. आधी देवाला, मग माणसाला. देवाच्या जागी त्या गोष्टीत कोलकात्याचं कार्यालय बसायला हवं होतं, हे त्याला कोण सांगणार होतं? कायद्यात काही प्रदर्शनांना आधी कळवून सवलत मिळते, बाईंनी मला नंतर सांगितलं, भंडाऱ्याला मिळत नाही. मांडवामागे गेल्यावर त्यांनी सगळं नीट समजावलं तेव्हा भाईसाहब मटकन खाली बसले. रांगेतले लोक "जय बजरंगबली" म्हणत होते आणि हा माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

त्यांच्या मुनीमजींनी मग तोड काढली. "अर्ज़ी कल डाल दीजिए ना। कोलकाता में किसको पता चलेगा कि सरोजिनी नगर में शरबत किसमें बँटा?"

"मुझे पता है," बाई म्हणाल्या.

"मैडम, रोज़ी-रोटी का सवाल है।"

"इसीलिए। जिस दिन आप दिल्लीवालों को रोकने जाएँगे, वो आज की एक फोटो निकालेंगे और आपका काग़ज़ रद्द। उस दिन जो भरोसा करके बैठे होंगे, वो कहाँ जाएँगे?"

 परतल्यावर ऑफिसचा जिना चढताना बाई मध्येच थांबल्या. मला वाटलं दम लागला. "गोष्ट मी सांगितली," त्या म्हणाल्या. "एक दिवस मी थांबवलं. त्या बिचाऱ्याचं काही चुकलेलं नाही." दुसऱ्या दिवशी त्या एकट्या कारखान्यात गेल्या आणि सगळ्या कारीगरांसमोर हेच हिंदीत बोलून आल्या. हे मला भाईसाहबांकडून कळलं. ते म्हणाले, इतनी बड़ी मैडम, हाथ जोड़ के खड़ी थीं, मैं तो शर्म से गड़ गया.

मग बाईंनी ठरवलं, जार पुन्हा करायचा. आतली पाण्याची टाकी तीच ठेवायची, तिचा साचा वाया घालवायचा नाही. बाहेरचं कवच मात्र पूर्ण नवं. सुरईला जरा इकडे-तिकडे वळवून चालणार नव्हतं, आता सुरई सगळ्यांनी पाहिलेली होती. आणि हे कवच मी काढायचं.

"बाई, मी चित्रं काढते. डिझाइन मी कधी केलेलं नाही."

"बरं आहे. म्हणजे तुझ्याकडे जुनं काही नाही."

तो महिना मी विसरणार नाही. मी कागदावर काढायचं, पुठ्ठ्याचा नमुना करायचा, टेबलावर ठेवायचा. बाई चष्मा काढून भिंतीला टेकायच्या. "सुरईच आहे." दुसरा नमुना. "हा दिल्लीवाल्यांचा." तिसरा. "हा गॅसचा सिलिंडर आहे." एकदा तर म्हणाल्या, "हे छान आहे. आमच्या आजीकडे होतं." म्हणजे बाद. मी घरी जाऊन रडले, नवऱ्यावर चिडले, सोडते म्हणाले. सकाळी पुन्हा गेले. बाईंनी कधी "जमेल तुला" असं म्हटलं नाही, पण मला वगळून दुसऱ्या कुणाला विचारायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही, आणि मला तेवढं पुरत होतं.

एका दुपारी नमुना संपवून मी सवयीनं त्याच्यावर चादर टाकली, वर गाठ मारली आणि दाराशी जाऊन मागे वळून पाहिलं. गाठीपासून खाली चुण्या उतरल्या होत्या, वर दाट, खाली मोकळ्या होत गेलेल्या. मी कितीतरी महिने ते गाठोडं बघत होते आणि त्याच्या आत काय आहे तेवढाच विचार करीत होते.

पुढचे दिवस मी दाराला कडी लावून काम केलं. बाईंनाही आत घेतलं नाही. त्यांनी ते खपवून घेतलं. पुठ्ठ्यावर प्लास्टर चढवलं, चुण्या कोरल्या, झाकणाची गाठ केली, सगळ्याला पांढरा रंग दिला. मग त्यांना हाक मारली.

बाई आल्या. चष्मा काढला, भिंतीपाशी गेल्या, वळल्या आणि वैतागल्या. "अगं, आधी चादर काढ. मग विचार."

"बाई, चादर नाहीये. हाच जार आहे."

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूहळू जवळ आल्या, चष्मा न लावताच, आणि चुण्यांवरून बोटं फिरवली. कापड लागेल असं वाटत असावं.  शेवटी चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं.

"उष्टं नाही," म्हणाल्या.

माझ्या आयुष्यात मला बक्षिसं फार मिळाली नाहीत. पण जी मिळाली त्यात हे पहिलं.

या वेळी एकाही रेघेवर घासाघीस झाली नाही. अर्ज त्याच दिवशी गेला. फी घ्यायला बाईंनी साफ नकार दिला, आणि भाईसाहबांनी कारखान्यात कुणाच्या फोनला त्या जारचा फोटो काढू दिला नाही. नोंदणी झाली. उन्हाळ्याआधी जार बाजारात गेला. लोक त्याला पोटली म्हणू लागले, "वो पोटलीवाला देना भैया". दोनेक महिन्यांत दिल्लीकडची पोटलीही आलीच. गाठ जराशी चपटी, चुण्या चार कमी. बाईंनी ती विकत आणवली, आमच्या जारशेजारी ठेवली, भिंतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "एकच आहे. चोरलाय." पण या खेपेस त्यांच्या हातात प्रमाणपत्र होतं. नोटीस गेली. दिल्लीवाल्यांचे वकील फोनवर आधी जोरात बोलले, मग हळू बोलले, आणि माल दुकानांतून परत गेला. घरी पाठवलेले कारीगर भाईसाहबांनी पुन्हा बोलावले.

आता आम्ही महाराष्ट्रात परत आलो आहोत. बदली झालीच. माझं स्वतःचं छोटं काम आहे, वस्तूंची रूपं ठरवायचं, आणि ती निळ्या काठाची चादर माझ्या टेबलावर असते. निरोपाच्या वेळी बाईंनी ती धुऊन, घडी घालून हातात ठेवली होती. मीही हल्ली चष्मा लावते आणि कामाच्या वेळी काढते. बाई फोनवर कामाचंच विचारतात. आजही मला नवं काही सुचलं तर आधी भीती वाटते ती त्या भिंतीची, आणि मग त्याच भिंतीबद्दल इतकी कृतज्ञता वाटते की काय सांगू.

पण मला सांगायचंय ते त्या पुढच्या बडा मंगलबद्दल. भाईसाहबांनी आम्हा दोघींना गाडी पाठवून बोलावलं. तोच मांडव, तीच रांग, झेंडूच्या माळा. टेबलांवर पोटल्या, कपाळी शेंदूर लावून बसलेल्या. भाईसाहब पुढे आले आणि आधीच हात जोडून म्हणाले, "मैडम जी, इस बार पहले कोलकाता, फिर बजरंगबली। भगवान बुरा तो नहीं मानेंगे?"

"नहीं मानेंगे," बाई म्हणाल्या. "उनके यहाँ देर से भी चलता है।"

त्या रांगेत उभ्या राहिल्या. भाईसाहब नको नको म्हणत होते, तरी राहिल्या. आमची पाळी आल्यावर एकानं गुलाबाच्या सरबताचा स्टीलचा पेला भरून त्यांच्या हातात दिला. ऊन रणरणत होतं. मी वाट बघत होते की आता बाई मान मागे टाकून वरून धार धरणार. त्यांनी चष्मा काढला, जरा लांबून त्या जारकडे पाहिलं, आणि पेला सरळ ओठाला लावला. अर्धा प्यायल्या. पदरानं ओठ टिपले आणि उरलेला पेला माझ्यापुढे धरला.

"घे," म्हणाल्या. "गार आहे."

मी घेतला आणि त्यांचं उष्टं सरबत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.